तीन यंत्रांना एक वही

एकाच कामासाठी, एकाच सकाळी, एकाच कार्यालयाने तुम्हाला कधी तीन वेळा "आपण कोण?" असे विचारले आहे काय?

नसेल, तर आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर सोयाबीनच्या टोकनसाठी तुम्ही अर्ज भरलेला नाही.

लोक किस्से हसत सांगतात. माझा अनुभव असा की बहुतेक किस्से म्हणजे कोणाच्या तरी कामचुकारपणाचे तुकडे असतात. चूक वेळीच दुरुस्त केली तर तिचा किस्सा होत नाही. तशीच ठेवली तर आठवड्याला एक जमतो. आमच्याकडे दोन हंगाम जमत राहिले.

आमची संस्था वाशीमला शेतमाल खरेदी करते. मी तेथे कार्यालय अधीक्षक आहे. इतिवृत्त लिहिणे, परिपत्रके काढणे, ज्ञापने बजावणे हे माझे काम. रोज सकाळी पोथीचा एक अध्याय वाचून मी घराबाहेर पडतो. त्या दोन वर्षांत ती शांती कार्यालयाच्या पायरीपर्यंतच टिकत असे.

पूर्वी माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची रांग यार्डाबाहेर रस्त्यापर्यंत जाई. ते टाळण्यासाठी संकेतस्थळ झाले. घरून अर्ज भरावा, टोकन घ्यावे, ठरल्या दिवशी माल आणावा. अर्जाची पाने चार. पहिल्या पानावर सांगितलेले नाव यंत्राने चौथ्या पानापर्यंत लक्षात ठेवायचे. या लक्षात ठेवण्याला संगणकवाले सेशन म्हणतात.

एक यंत्र होते तोवर हे सुरळीत चालले. गर्दीने ते कोलमडू लागले, म्हणून तीन यंत्रे आणली. आलेले प्रत्येक पान पाळीपाळीने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या यंत्राकडे जाऊ लागले. मात्र प्रत्येक यंत्र आपल्यापुरतेच लक्षात ठेवी. पहिल्याला सांगितलेले नाव दुसऱ्याला ठाऊक नसे. याचा उपाय जुना आणि साधा आहे. यंत्रांनी सेशन स्वतःजवळ न ठेवता एका सामायिक डेटाबेसमध्ये लिहावे, आणि पान कोणाकडेही गेले तरी त्याने तेथे पाहावे. तीन खिडक्यांना एक वही.

हे काम संगणक विभागाचे प्रमुख वानखडे यांच्याकडे होते. सभेत सचिवांनी विचारले, "सामायिक डेटाबेसचे काय झाले?"

"झालंय सर," वानखडे म्हणाले.

मी इतिवृत्तात लिहिले, "काम पूर्ण." ते दोन शब्द माझ्या अक्षरात आहेत. ते मी न पाहता लिहिले.

आता वंदनाताईंविषयी सांगितले पाहिजे, कारण हे सारे शेवटी त्यांच्यावर येत होते. त्या मदत खिडकीवर बसतात. नऊ वर्षे हंगामी. त्यांना कायम करण्याचा आदेश तयार होऊन सचिवांच्या टेबलावर पडलेला होता. नियम दोन. तीन ज्ञापने मिळाली की हंगामी कर्मचाऱ्याचे नाव वगळायचे. आणि त्याच्या खिडकीवरची एकही तक्रार प्रलंबित असेल तर आदेशावर सही नाही.

* * *

यंत्र माणसाला विसरले की पडद्यावर वाक्य येई : "आपले सत्र संपले आहे." हे भाषांतर वानखडे यांनी कोठून तरी उचलले होते.

मानोऱ्याकडचे नामदेवराव एके सकाळी कार्यालयात आले. चेहरा उतरलेला. सोबत काळ्या कोटातील वकील. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"साहेब, माह्यं नाव सत्र न्यायालयात कायले गेलं? मी तं फकस्त सोयाबीन इकून राह्यलो."

हे सत्र त्या न्यायालयाचे नव्हे, असे मी सांगितले.

"मंग शाळेचं हाये काय? शाळा सोडून चाळीस वर्सं झाली मले."

वकिलांनी मोबाइल हातात घेतला. वाक्य दोनदा वाचले. चष्मा पुसला. मग गंभीरपणे म्हणाले, "संपले आहे, म्हणजे निकाल लागलेला दिसतो. अपील करता येईल. फक्त कोणाविरुद्ध करायचे, ते कळू द्या."

मी वानखडे यांना बोलावले. "शब्द बदलतो सर," ते म्हणाले. शब्द बदलायला त्यांची कधीच हरकत नसे.

* * *

नवे वाक्य आले : "क्षमस्व. आम्ही आपणास ओळखत नाही."

संस्थेचे एक माजी अध्यक्ष आहेत. सारे त्यांना दादासाहेब म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. ते हयात असले तरी सभागृहात त्यांची तसबीर आहे, आणि सणावाराला शिपाई तिला हार घालू लागला की ते स्वतः त्याला थांबवतात. त्यांनी घरी बसून, नातवाचीही मदत न घेता, स्वतःच्या शेतातील सोयाबीनसाठी अर्ज भरायला घेतला. दुसऱ्या पानावर संस्थेने त्यांना ओळखले नाही.

ते काठी टेकत आले आणि आपल्या तसबिरीखाली उभे राहिले.

"वानखडे, वर पाहा. कोण हाये हा?"

"आपणच, दादासाहेब."

"दिसते ना तुमाले?"

"हो."

"पयल्या पानावर तुमच्या मशीननं मले 'नमस्कार, दादासाहेब' म्हटलं. दुसऱ्या पानावर ओळख नाई. असे लोक म्या राजकारणात लय पाह्यले. मशीन पयल्यांदाच पाह्यली."

सभागृहात कोणी हसले नाही. बाहेर गेल्यावर सगळे हसले.

चौकशीत वानखडे म्हणाले, "खिडकीवर मोबाइल नंबर चुकीचा टाकला गेला असणार सर. ऑपरेटरची चूक." वंदनाताईंना पहिले ज्ञापन गेले. दादासाहेबांनी अर्ज घरून भरला होता. ते खिडकीवर आलेच नव्हते. ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही. माझ्या लक्षात आली होती. मी बोललो नाही.

* * *

केनवडच्या बाजारात गणेशभाऊंचे ऑनलाइन सेंटर आहे. कामानिमित्त तिकडे गेलो असता सकाळी सातलाच दारात गर्दी दिसली. आत एक शेतकरी माउसवर बोट ठेवून मोठ्याने म्हणत होते, "हरी. हरी. हरी." प्रत्येक नामाला एकदा बटण दाबत होते. तिसऱ्या नामाला मागच्या चौघांनीही सूर धरला.

मला वाटले, कामाच्या आरंभी नामस्मरण चालले आहे. समाधान वाटले. मी चौकशी केली.

"नामस्मरण नाई साहेब, मोजनी हाये," गणेशभाऊ म्हणाले. "मशीनी तीन हायेत ना. पयली आपल्याले ओळखते. पान पुढं नेलं की दुसरीकडं जाते, ते नाई ओळखत. तिसरी बी नाई. पुन्हा पयलीची पाळी आली की ते ओळखते. म्हून पानागनिस तीन डाव दाबा लागते. नुसतं एक-दोन-तीन म्हटलं की मान्सं मधातच चुकतात. हरीच्या नावानं कोनी चुकत नाई."

"आणि सात वाजता कशासाठी?"

"उशीर झाला की दुसऱ्या गावचे बी दाबाले लागतात. मंग पाळी बिघडते."

मी म्हणालो, "गणेशभाऊ, यंत्राचे बटण दाबण्यासाठी देवाचे नाव घेऊ नये."

त्यांनी हात जोडले. "बरोबर हाये साहेब. तुमी मशीन नीट करा, आमी देवाले मोकळं करतो."

वाशीमला परतल्यावर मी हे वानखडे यांना सांगितले. ते प्रसन्न झाले. "म्हणजे युझर ट्रेन होतायत, सर. चांगलं आहे."

* * *

वंदनाताईंच्या बाजूला आणखी दोघी बसत. खिडक्या तीन. एका खिडकीवर अर्ज अर्ध्यात पुसला गेला की शेतकरी दुसऱ्या रांगेत उभा राही आणि तेथे सारे पुन्हा पहिल्यापासून सांगे. काही जण तिसरीवर पोहोचेपर्यंत स्वतःचा गट नंबर विसरत.

वंदनाताईंनी एक जाड आखीव वही आणली. मधल्या टेबलावर ठेवली आणि कोणी उचलून नेऊ नये म्हणून सुतळीने टेबलाच्या पायाला बांधली. शेतकरी आला की नाव, गाव, गट नंबर, पेरा आणि तो कोणत्या पानावर अडला ते तिच्यात लिहायचे. मग तो कोणत्याही खिडकीवर जावो. तेथील बाईने वही पाहायची आणि पुढचे भरायचे.

आठवड्यात रांग निम्मी झाली.

वानखडे यांनी ती सुतळी पाहिली. "ताई, सगळा देश डिजिटल झाला. तुम्ही वही काय बांधून ठेवता?"

"सर, यंत्र विसरते."

"यंत्र विसरत नसतं ताई. माणूस विसरतो."

"म्हणून तर लिहून ठेवते, सर."

दुसरे ज्ञापन निघाले : विनापरवानगी नोंदवही ठेवून शेतकऱ्यांची माहिती उघड्यावर ठेवल्याबद्दल. मीच ते टंकित केले आणि मीच दिले. पोच देताना वंदनाताईंचे अक्षर जराही हलले नाही. नंतर त्यांनी विचारले, "साहेब, वही बंद करू काय?"

मी ज्ञापन पुन्हा वाचले. "यात 'उघड्यावर' असा शब्द आहे," मी म्हणालो. "कपाटात ठेवत जा."

त्या वर्षी माझ्या हातून झालेले चांगले कृत्य म्हणून मला एवढेच दाखवता येईल.

* * *

दुसरा हंगाम आला. दादासाहेबांच्या भेटीनंतर वाक्य पुन्हा बदलले होते : "कृपया प्रतीक्षा करा." शेजारी एक चक्र फिरत राही. वानखडे यांच्या मते यात कोणाचा अपमान नव्हता आणि कोणाला घाबरण्याचे कारणही नव्हते. सोबत त्यांनी मजकडून एक परिपत्रक काढून घेतले : पडद्यावर जे लिहिले असेल तेच ऑपरेटरने सांगावे; स्वतःचे काही सांगू नये.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी आसेगावच्या रुखमाबाई पहिल्या बसने वाशीमला आल्या. सत्तरीच्या आहेत, गुडघे धरलेले, मुलगा कामासाठी परगावी. घरात बारा कट्टे, म्हणजे पोती, सोयाबीन. त्या वंदनाताईंच्या खिडकीवर आल्या. वंदनाताईंनी चार वेळा अर्ज भरला. चारही वेळा दुसऱ्या पानावर चक्र फिरू लागले.

"काय म्हनते वो बाई, मशीन?"

वंदनाताईंनी एकदा परिपत्रकाकडे पाहिले. "थांबा म्हणते, आजी."

रुखमाबाई भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली आणि नजर खिडकीवर लावली. बारा वाजले. एक वाजला. वंदनाताई उठून त्यांच्याजवळ गेल्या. "आजी, दोन घास खाऊन या. डबा आहे माझा."

"नको माय. मशीननं पाह्यलं अन् मी नसली तं?"

पाच वाजता नोंदणी बंद झाली. दिवे मालवताना मला त्या बाकावर दिसल्या. मी विचारले, "आजी, अजून कोणासाठी बसला आहात?"

"थांबा म्हनलं ना बाप्पा. म्हून थांबली."

शेवटची बस निघायला थोडा वेळ होता, तेवढ्यात वंदनाताई त्यांना ऑटोने स्टँडवर घेऊन गेल्या.

चार दिवसांनी अवकाळी पाऊस आला. टोकन नसल्याने ओसरीत पडून राहिलेले बारा कट्टे भिजले. रुखमाबाईंनी शेजाऱ्याकडून तक्रार लिहून घेतली. तिच्यावर वानखडे यांचा शेरा आला : "ऑपरेटरने वृद्ध शेतकऱ्यास चुकीचे मार्गदर्शन केले. ज्ञापन द्यावे."

हे तिसरे होते.

* * *

त्या सकाळी पोथी वाचताना माझे लक्ष तीनदा उडाले. एक ओवी मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो आणि तिचा अर्थ मनात उतरेना. कार्यालयात येऊन संगणकावर वंदनाताईंचे नाव टंकित केले. पुढे बोटे चालली नाहीत. उठून सचिवांच्या दालनात गेलो. वानखडे तेथेच बसले होते.

मी म्हणालो, "ज्ञापन देतो. पण सामायिक डेटाबेसचे काम पूर्ण झाल्याचे मी इतिवृत्तात लिहिले आहे. ते काम मला एकदा दाखवावे."

वानखडे हसले. "सर, तो डेटाबेस असतो. तुम्हाला काय दिसणार त्यात?"

"शेतकऱ्यांची नावे असतील तर नावे दिसतील. मला वाचता येते."

"आज सर्व्हर बिझी आहे."

"उद्या पाहू."

"उद्या अपडेट आहे, सर."

"परवा."

वानखडे यांनी टेबलावरचे पेन उचलून पुन्हा खाली ठेवले. सचिवांनी दूरध्वनी उचलला आणि अकोल्याहून एका तपासनीस बाईंना बोलावून घेतले.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. खुर्चीवर बसल्या आणि चष्मा सावरून पाहू लागल्या. सामायिक डेटाबेस होता. त्यात सेशन लिहिण्यासाठी तक्ताही होता. बाईंनी तो उघडला, काही वेळ पाहिले आणि पडदा सचिवांकडे वळवला.

"एकच नोंद आहे," त्या म्हणाल्या.

"कोणाची?"

"नाव लिहिले आहे, 'वानखडे टेस्ट'. दोन वर्षांपूर्वीची."

वानखडे म्हणाले, "टेस्ट करून ठेवलं होतं सर. यंत्रं त्याला जोडायची राहून गेली."

सचिव शांतपणे म्हणाले, "म्हणजे साऱ्या वाशीम जिल्ह्यात एकट्या तुमचीच ओळख या वहीत आहे, वानखडे."

बाईंनी तिन्ही यंत्रांत मोजक्या ओळी बदलल्या. सांगितलेला चहा येण्याआधी काम संपले. मग त्यांनी एक अर्ज अर्धा भरला, मागच्या खोलीत जाऊन पहिल्या यंत्राची वायर ओढून काढली आणि परत येऊन पुढचे पान उघडले. नाव जागेवर होते. गाव होते. गट नंबर होता. यंत्र बंद पडले होते आणि माणूस पुसला गेला नव्हता. सचिवांनी हे आणखी दोनदा करून दाखवायला सांगितले. तिसऱ्या वेळी वायर त्यांनी स्वतः ओढली.

जाताना बाईंची नजर कपाटातील वहीवर गेली. त्यांनी ती चाळली, सुतळीचा तुकडा हातात घेतला आणि विचारले, "ही व्यवस्था कोणी बसवली?"

"मी, मॅडम," वंदनाताई म्हणाल्या. "त्याबद्दल ज्ञापन मिळाले आहे."

बाई म्हणाल्या, "तीन खिडक्यांना एक वही का लागते, हे इथल्या विभागप्रमुखांना समजावण्यासाठी मी अर्धा दिवस राखून आले होते."

* * *

वंदनाताईंची पहिली दोन ज्ञापने मागे घेतली गेली. तिसरे मी पुसून टाकले. तरीही आदेशावर सही होईना, कारण रुखमाबाईंची तक्रार उघडीच होती आणि नियम नियम आहे. वंदनाताईंची हंगामी मुदत त्याच शनिवारी संपत होती. दिवस मंगळवार.

सचिव म्हणाले, "तक्रार बंद होईल रुखमाबाईंच्या सहीने. 'समाधान झाले' असे त्यांनी लिहून द्यायचे. सही आणतील वानखडे. ती मिळेपर्यंत त्यांनी कार्यालयात येण्याचे कारण नाही." त्यांनी खरेदीचे एक विशेष टोकन दिले आणि साक्षीदार म्हणून मला सोबत धाडले.

आसेगावला पोहोचलो तेव्हा रुखमाबाई ओसरीत बसल्या होत्या. वानखडे यांनी टोकन पुढे केले. "आजी, तुमचं काम झालंय. इथे फक्त सही करा."

"टोकन चाटू काय? माल वला हाये. काट्यावर नेला की वापस धाडतात."

त्यांनी कट्ट्यात हात घातला आणि एक दाणा काढून वानखडे यांच्या तळहातावर ठेवला. "धरा दाताखाली."

वानखडे यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी दाणा चावला. वाळलेला दाणा दाताखाली कट् वाजतो; हा नुसता दबला.

"वाजला काय?"

"नाही."

"वाजला की सही करतो."

"कधी वाजेल, आजी?"

"ऊन हाये. वर सलाप हाये. माह्ये गुडघे नाई."

वानखडे यांनी बूट काढले. पँट दुमडली. बारा कट्टे एकेक करून घराच्या स्लॅबवर नेले आणि माल पसरला. दर अर्ध्या तासाने तो पायांनी फिरवायचा होता. रुखमाबाईंना वर चढता येत नव्हते. त्या खाली बसून कानांनी पाहत होत्या.

"पाय उचलून राह्यले तुमी. वढत न्या. उचलला की खालचा दाना खालीच राह्यते."

तीन वाजता वानखडे जिन्यावरून म्हणाले, "आता वाळला असेल, आजी."

"तुमी नका सांगू. दान्याले सांगू द्या."

दाणा वाजला नाही. सायंकाळी दव पडण्यापूर्वी बारा कट्टे भरून खाली आणावे लागले. बुधवारी ते पुन्हा वर गेले. मी त्या दिवशी कार्यालयात होतो. आसेगावची गाडी येण्याच्या वेळेला वंदनाताई दोनदा उठून दाराशी गेल्या.

बुधवारीही दाणा वाजला नाही.

गुरुवारी मी कागद घेऊन पुन्हा गेलो. वानखडे यांच्या तळव्यांना फोड आले होते. स्लॅब तापलेला होता आणि ते टाचांवर चालत होते. चारच्या सुमारास त्यांनी एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. मी जिन्यात उभा होतो. मला आवाज ऐकू आला. खाली रुखमाबाईंनाही आला, कारण त्या म्हणाल्या, "आना कागद."

त्यांनी चष्मा लावला. सारा मजकूर बोटाने ओळीवर ओळ धरून वाचला. सही केली. कागद मला दिला आणि वानखडे यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आता उडीद राह्यला. तो बी त्याच पावसात भिजला."

वानखडे यांनी दुमडलेली पँट खाली सोडली.

त्याच संध्याकाळी वंदनाताईंच्या आदेशावर सही झाली. शुक्रवारी सकाळी माझ्या टेबलावर वानखडे यांचा रजेचा अर्ज होता. एक दिवस, किरकोळ रजा. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला होता : उडीद.